ठकीचं दार

पायलटांनी आयुष्यात कधी विमान पाहिलं असेल तर ते डोक्यावरून जाताना. त्यांनी चालवली ती बस. पण ब्रेक इतका हलका लावायचे की झोपलेल्या माणसाची मान हलत नसे. म्हणून डेपोतल्या लोकांनी नाव पाडलं पायलट, आणि निवृत्त झाल्यावर ते नाव त्यांच्या मागोमाग गल्लीतही आलं.

घरची गाडी जुनी. लेकीचं लग्न झालं तेव्हा पायलटांनी ती तिला देऊन टाकली. दिली खरी, पण लेकीच्या घरापुढे गाडी लावायला जागा नव्हती, त्यामुळे उभी राहायची ती पायलटांच्याच खिडकीखाली. रोज सकाळी लेक आणि जावई दोन गल्ल्या चालत येत आणि गाडी घेऊन कामाला जात. खिडकीत पायलट हजर. हातात पेपर असायचा, पण एक ओळ वाचत असतील तर शपथ.

या गाडीचं, ड्रायव्हरच्या शेजारचं दार म्हणजे ठकीचं दार. ठकी म्हणजे लेक. लहानपणापासून ती तिथेच बसायची. ते दार बिजागरीत खाली उतरलं होतं. नुसतं ओढून उघडत नसे. हँडलसकट दार वर उचलायचं, खालून गुडघ्याने दाबायचं आणि मग एक हिसका. हे सगळं एका दमात. ठकीला हे जमायला अख्खी सुट्टी लागली होती. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी तिने ते दार इतक्यांदा उघडलं-लावलं की आई वरून ओरडली, "अगं, दार आहे की पंखा!"

आता बघावं तर काय, लेक दाराशी नुसती उभी राही. जावई पलीकडून आत शिरे, आडवा होऊन आतून हे दार ढकले, मग ही बसे. पायलट मिशीतल्या मिशीत हसत. "बाहेरून उघडता येत नाही पठ्ठ्याला! चष्म्याचे स्क्रू पिळणारी बोटं ती. गाडीच्या दाराला ताकद लागते."

जावई चष्म्याच्या दुकानात कामाला होता. आवाज इतका मऊ की त्याच्याशी भांडताही येत नसे, आणि पायलटांचं खरं दुखणं तेच होतं. पूर्वी ठकीचा नळ गळला तरी "बाबा" म्हणून हाक यायची. आता यायची ती "अहो" अशी, आणि ती त्यांच्यासाठी नसायची. वर हा गृहस्थ त्यांनाच बाबा म्हणायचा. जशी काही ती हाकही हुंड्यात घेतली होती.

एके दिवशी सकाळी पायलट खाली उतरले आणि जागीच थिजले. ठकीच्या दाराचा वरचा कोपरा पहारीने बाहेर वाकवलेला. किल्लीचं भोक कुरतडलेलं. काचेभोवतीची रबरी पट्टी बाहेर लोंबतेय. फटीतून सळई घालून आतलं हँडलही मोडलेलं. पण दार बंद! चोराने जंग जंग पछाडलं होतं, कुलूप पार निकामी केलं होतं, तरी दार काही हललं नव्हतं. उचलून गुडघा मारायचा असतो, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

पायलटांना राग यायला हवा होता. त्यांची छातीच फुगली.

"बघितलंस?" ते लेकीला म्हणाले. "चोराला नाही जमलं."

"बाबा, गाडीची वाट लागलीय आणि तुम्हाला कौतुक कसलं सुचतंय!"

तोवर जावयाने चारी बाजूंनी फोटो काढून विमावाल्यांना पाठवलेसुद्धा होते. "बाबा, तुम्ही काळजी करू नका. मी शनिवारी वर्कशॉपला नेतो. ते अख्खं दारच बदलून देतील. एका बोटाने उघडेल."

"बरं झालं बाई," ठकी म्हणाली, आणि नवऱ्याकडे बघून हसली.

ते हसू पायलटांना पहारीपेक्षा खोल लागलं. "अख्खं दार कशाला बदलायचं? मी मेलो आहे का? शनिवारपर्यंत मी करून देतो. आयुष्य गेलं माझं गाड्यांत."

"बसमध्ये गेलं," ठकीची आई वरून म्हणाली. "दुरुस्ती डेपोतले करत होते."

पण पायलट इरेला पेटले होते. जुन्या बाजारातून कुलूप आणलं. वाकलेल्या चौकटीमागे लाकडी ठोकळा धरून लाकडी हातोडीने ती हळूहळू सरळ केली. पट्टी डिंकाने चिकटवली, ओरखड्यांवर रंगाचा हात मारला. रंग जरा वेगळाच आला, पण लांबून कळत नव्हतं. आतलं हँडल मात्र कुठेच मिळेना.

शेवटी जॅकवर दार टेकवून त्यांनी बिजागरी आवळली, आणि काय सांगावं! दार लोण्यासारखं उघडलं. नुसतं बोट लावलं की झालं. पायलट त्या उघड्या दाराकडे बघत उभे राहिले. आता हे कोणीही उघडेल. तो चष्मेवालासुद्धा.

त्यांनी गल्लीत इकडेतिकडे पाहिलं आणि बिजागरीचे बोल्ट पुन्हा सैल केले. दार होतं तसं खाली उतरलं. पायलटांना बरं वाटलं.

शनिवारी दोघं आली. "आतलं हँडल मिळालं नाही," पायलटांनी खिडकीतून सांगितलं. "सध्या बाहेरूनच उघडावं लागेल." आणि ते मजा बघायला कठड्यावर रेलून उभे राहिले.

ठकी नेहमीसारखी बाजूला उभी राहिली. जावई पुढे झाला. त्याने हँडलला हात घातला, दार उचललं, गुडघा दिला, हिसका मारला. एका दमात. दार उघडलं. ठकी बसली. त्याने हलक्या हाताने दार लावलं आणि गाडी गेलीसुद्धा.

पायलटांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पेपर चुरगळून त्यांनी कोपऱ्यात भिरकावला. "शिकवलं! तिने त्याला शिकवलं! हेसुद्धा देऊन टाकलं!"

"काय देऊन टाकलं?" ठकीच्या आईने कपड्यांची घडी घालताघालता विचारलं.

"आणि हे सगळं येत होतं, तर रोज आतून आडवं होऊन ढकलायचं नाटक कशाला?"

ठकीच्या आईचे हात थांबले. "अहो, तिचं मनगट गेलंय ना. दिवसभर कारखान्यात कापड कापून. साधी बादली उचलवत नाही तिला, ते दार कुठलं उचलणार? आतून ढकललं की दाराला हिसका बसत नाही, म्हणून तो आतून ढकलायचा. तुमच्या दाराला जपत होता बिचारा."

"मला कोणी बोललं नाही."

"ठकीच म्हणाली, बाबांना सांगू नकोस. त्या दाराचं त्यांना फार आहे."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. बायकोला, जावयाला. खिडकीत रोज उभं राहणाऱ्या माणसालाच तेवढं माहीत नव्हतं. पायलटांना आता नक्की कशावर जळायचं तेच कळेना. जावयाला दार उघडता येतं यावर, की लेकीचं दुखणं आधी त्याला कळलं यावर?

ते बराच वेळ पान्ह्यांच्या डब्यापाशी बसून होते.

संध्याकाळी गाडी आली. ठकी आईशी बोलायला वर गेली. पायलट खाली आले आणि घसा खाकरून म्हणाले, "जावईबापू, जरा दार धरता का? बिजागरी आवळायची राहिली होती."

राहिली होती म्हणजे काय, हे जावयाने विचारलं नाही. बाह्या वर केल्या आणि दार उचलून धरलं. पायलट गुडघ्यांवर बसून बोल्ट आवळत होते.

"अजून वर. हं. हात भरून आला का?"

"नाही, बाबा."

"आला असेल तर सांगा."

"आलाय, बाबा."

पायलट पहिल्यांदाच त्याच्यासमोर मोकळे हसले.

सोमवारी सकाळी दोघं नेहमीसारखी आली. जावई सवयीने लगबगीने दाराकडे निघाला. पण ठकीने डाव्या हाताचं एक बोट लावलं, दार उघडलं, ती बसली आणि दार लावूनही घेतलं. "अय्या, बाबा! काय भारी केलंय!" ती काच खाली करून खिडकीकडे ओरडली.

जावई पुढे केलेला हात तसाच धरून दोन पावलांवर उभा होता. त्याचं काहीतरी हरवलं होतं आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. तो चेहरा पायलट रोज दाढी करताना आरशात बघत होते.

त्यांना त्याची कीव आली. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलायचं.

"जावईबापू," त्यांनी वरून हाक मारली, "ते आतलं हँडल अजून मिळालेलं नाही. उतरताना बाहेरून तुम्हालाच उघडावं लागेल."

जावयाने मान वर केली. "हो, बाबा," तो म्हणाला, आणि पलीकडून आत शिरला.

हँडल आदल्याच दिवशी मिळालं होतं. पायलटांनी ते पान्ह्यांच्या डब्यात, अगदी तळाशी ठेवलं होतं. मनगट बरं होईपर्यंत ते तिथेच राहणार होतं.