कुठं अडकू नये असं

कुठलीही वस्तू हाती आली की मिस्त्री डोळे मिटून तिच्यावरून तळहात फिरवायचे. हात जरा अडकला की म्हणायचे, "सुटसुटीत न्हाई राव." मग ते फाटक असो, ट्रॉलीची फळी असो, नाहीतर माझी चहाची किटली.

डिंगोऱ्यात त्यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप माझ्या हॉटेलाला लागूनच होतं. एकदा मी म्हटलं, "सुटसुटीत म्हणजे साधंच की."

"साधं येगळं. जे कुठंच न अडकता सुटून जातं, ते सुटसुटीत. माज्या हातनं तसं आजून एक बी झालं न्हाई."

त्या साली वर्कशॉपमागच्या उसात बिबट्याचा वावर होता. वनखात्यानं पिंजरा लावला आणि एका सकाळी मादी सापडली. गाव बघायला लोटलं. धडका मारून ती दमली होती, पाठ गजांना टेकवून पडली होती. कुणी अडवायच्या आत मिस्त्री वाकले, डोळे मिटले आणि गजांतून बोटं घालून तिच्या मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवला. ती गुरगुरली नाही. हात कुठंच अडकला नाही.

पिंजरा गाडीतून गेला. मिस्त्रींनी त्यानंतर काम हातात धरलं नाही. दुपारभर बांधावर उभे.

"तिला नेली की, मिस्त्री."

"नेली? मंग आत कोन चालतंय?"

वारा पडलेला होता. तरी उसात एका ओळीतली पानं हलत होती, आवाज न करता, आमच्याकडं सरकत. मी मागं झालो. ते झाले नाहीत.

पुढं एका दुपारी त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, जेवायला हाक मारली. "आलो," उसातून त्यांचा आवाज आला. मीही ऐकला. पण ते आले नाहीत. गावानं काठ्या घेऊन सगळा ऊस पालथा घातला. ना रक्त, ना फाटका कपडा.

मग तोडणीवाले आले. काकू बांधावर बसून प्रत्येक मोळी पडताना बघत होत्या. शेवटच्या दोन सऱ्या उरल्या तशा त्या उठल्या.

"यवढं ऱ्हाऊ द्या, भाऊ."

मुकादमानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि कोयते थांबवले.

मोकळ्या रानात त्या दोन सऱ्या अजून उभ्या आहेत. काकू त्यांना पाणी सोडतात.