रिवाइंडिंगच्या दुकानातली भिंत

माझा इंजिनिअरिंगचा फॉर्म माझ्या सख्ख्या आत्यानं फाडला होता.

मुदत संपायला दोन दिवस राहिले असताना. माझ्यासमोर.

आज तिचा दहावा झाला. तिला सांगायचं राहून गेलेलं इथं लिहिते.

जनाआत्या. मांजरसुंब्याच्या चौकात, धाब्याला लागून, तिचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान. यजमानांचा उजवा हात लकव्यानं गेला, तेव्हा त्यांच्याकडूनच तिनं काम शिकून घेतलं.

जळालेली मोटार घेऊन आलेला माणूस आत डोकावून विचारायचा, "मिस्त्री कुठंय?"

"मोटार खाली ठिवा. मीच मिस्त्री."

जुनी वाइंडिंग काढताना ती तारेचे वेढे मोजायची आणि खडूनं भिंतीवर लिहायची. म्हणायची, कागद हरवतो, भिंत हरवत न्हाई.

मी बारावी झाले तेव्हा डोंगरावर खाजगी कंपन्यांच्या पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. माझं ठरलं होतं. धूर न करणारी वीज. आयुष्यभर हेच काम.

माझे वडील, अण्णा, म्हणाले, "कॉम्प्युटर घे. पंख्याखाली बसशील. अन् यंदा नंबर लागला न्हाई तर स्थळं बघायला लागू."

मी एका नव्या कॉलेजचं माहितीपत्रक आणलं होतं. कोर्सच्या नावातच 'अक्षय ऊर्जा'. फॉर्मवर पहिली पसंती तीच. दुसरी लिहिलीच नव्हती.

घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. चुकतंय का, हे सांगणारं कुणी नव्हतं.

आत्यानं कोर्सचं नाव दोनदा वाचून घेतलं.

पवनचक्कीवाल्यांच्या जीप चहाला त्याच धाब्यावर थांबायच्या. दुसऱ्या दिवसापासून आत्या हातातलं काम टाकून प्रत्येक जीपपाशी हजर.

"साहेब, तुमी कंची ब्रांच केली?"

"इलेक्ट्रिकल, मावशी."

"अन् तुमी?"

"मेकॅनिकल. का, सोयरीक बघताय काय?"

"बघायलेय. पण कॉलेजासंगं."

आठ दिवस हेच. उत्तरं भिंतीवर, वेढ्यांच्या आकड्यांशेजारी.

इले. मेक. इले. इले. मेक.

एक सिव्हिल. तो पाया घालणारा होता.

मग तिनं फॉर्म फाडला.

"इतक्या लोकांला इचारलं. एकानंबी तुझा कोर्स केला न्हाई. मंग तू कावून करायलीस?"

"नवा कोर्स आहे आत्या. या फील्डसाठीच काढलाय."

"पाटी नवी लावली म्हणून मोटार फिरती व्हय? त्या चक्कीच्या पोटात काय असतंय, ठावं हाय का तुला?"

मला माहीत नव्हतं.

तिला होतं. जीपमधल्या एकानं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मोटारच हाय पोरी, आपल्या मोटारीवानी. आपण ईज देऊन फिरवतो, ते फिरवून ईज घेत्यात. आधी ईज शीक. मंग ती वाऱ्यावर कर न्हाईतर उन्हावर कर."

मी रडत ओरडले, "तुला काय कळतं त्यातलं?"

हो, हे मीच बोलले.

ती नवा कोरा फॉर्म घेऊन आली होती. तो पुढं सरकवला आणि मोटार भरायला बसली.

मी इलेक्ट्रिकल लिहिलं. रागानंच.

चार वर्षं औरंगाबाद. मग नोकरी, पवनचक्कीवर. पहिल्यांदा कंपनीच्या जीपमधून मांजरसुंब्याला उतरले, तेव्हा आत्या दुकानातून हात पुसत आली. ओळख न दाखवता, सगळ्या टीमसमोर:

"मॅडम, तुमी कंची ब्रांच केली?"

"इलेक्ट्रिकल, आत्या."

"बरं," म्हणाली. आणि आत गेली. चहा प्यायलासुद्धा थांबली नाही.

ती आत का गेली, ते आज कळलं.

अण्णांनी दुकानात चुना मारायला घेतला. भिंतीवरचा खडू बराच पुसट झालाय. मी कॅलेंडर काढलं, तर त्याच्यामागं एकच शब्द.

इले.

खडूनं लिहिलेला नाही. लाल वार्निशनं. मोटार भरून काम पक्कं झालं की शेवटी लावतात, त्या वार्निशनं.

"अण्णा, एवढी भिंत सोडा."

अण्णांनी ते वाचलं. मग ब्रश बादलीत ठेवला.

आत्या, तुला काय कळतं, असं विचारलं होतं मी.

तुला कळत होतं. मलाच नव्हतं.

जना मिस्त्रीला, तिच्या इंजिनिअर भाचीचा शेवटचा नमस्कार.