भुंगेऱ्यांची भागूबाई

दौलताबादच्या किल्ल्याखाली भागूबाईच्या सासरची तीन एकर जमीन. पिकापेक्षा गाजरगवत उदंड. बांधावर तेच, वाटेवर तेच. तिचा नवरा सांडू ते नुसत्या हातानं उपटायचा. चाळिशी ओलांडली आणि त्याच्या पापण्या सुजू लागल्या. मग मान, मग हातांची कोपरं. कातडं जाड होऊन त्याला चिरा पडल्या. हा लागणारा रोग असेल या भीतीनं भावकीतल्या एका लग्नात त्याचं ताट पंगतीपासून दूर मांडलं गेलं. सांडू त्या ताटावर बसला नाही. भर उन्हात चालत घरी आला आणि त्यानंतर कुणाच्या दारी जेवायला गेला नाही.

शेवटी जमीन पुतण्याला बटईनं देऊन दोघं लेकाकडं, शिवराजकडं, पुंडलिकनगरात राहायला आली. गवतापासून लांब राहिलं की उतार पडेल, अशी आशा होती.

शहरात आल्यावर भागूबाईला एका शेती संशोधन केंद्रात रोजंदारीचं काम लागलं. तिथं कालिंदी मॅडम गाजरगवत खाणारे भुंगेरे वाढवायच्या. पांढुरके, पाठीवर तपकिरी रेघा असलेले, ज्वारीच्या दाण्याहून थोडे मोठे. हा किडा दुसऱ्या कुठल्या पिकाला तोंड लावत नाही, फक्त हेच गवत खातो, असं मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं, तेव्हा भागूबाईनं ते पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. नवऱ्याचा वैरी खाणारं कुणीतरी जगात आहे, याचं तिला नवल वाटलं.

ती त्या कामात रमली. रोज सकाळी हिरवं, फुलावर आलेलं गवत कापून आणायचं, जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवायचं, पानांखालची पिवळी अंडी मोजायची. कुठल्या अळ्या उद्या मातीत शिरणार, हे ती नुसतं बघून सांगायची. हिवाळ्यात भुंगेरे मातीखाली झोपी जात. तेवढ्यासाठी मॅडम गवतावर रोग पाडणारी एक बुरशीही वाढवत होत्या, पण बाहेरच्या कोरड्या हवेत ती टिकत नव्हती. भुंगेऱ्यांचं मात्र जमलं होतं. मॅडमना विचारून भागूबाईनं डबाभर भुंगेरे घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर सोडले आणि सांडूला म्हणाली, "औंदा हे समदं साफ करतेत बघा."

सांडूला मात्र उतार पडेना. गावाकडं निदान हिवाळ्यात बरं असायचं, इथं बारा महिने आग. तो खिडक्या लावून मागच्या खोलीत बसायचा. भागूबाई संध्याकाळी कामावरून आली की शेजारी बसून त्याच्या पाठीला खोबरेल लावायची आणि दिवसभराचं सांगायची. तो डोळे मिटून ऐकायचा. त्याच्या दिवसात बरं वाटण्यासारखं तेवढंच होतं.

चौथ्या वर्षी शिवराजनं त्याला कातडीच्या डॉक्टरकडं नेलं. हिमानी डॉक्टर वयानं लहान, पण सावकाश विचारणाऱ्या. घरात गवत येतं का, बागकाम कोण करतं, असं विचारता विचारता त्या भागूबाईकडं वळल्या.

"मावशी, तुम्ही काय काम करता?"

भागूबाईनं हौसेनं सांगितलं. भुंगेरे, पिंजरे, रोजचा भारा. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं. गवताच्या फुलातली धूळ आणि बारीक लव कपड्यांवरून घरात येते, त्यांनी समजावलं. अशा माणसाला तेवढी पुरते.

घरी आल्यावर तिनं सांडूला विचारलं, "काम सोडू का मी?"

सांडू म्हणाला, "नगं. तू बी घरात बसलीस तर मला सांगायला कोन येईल?"

तिनं काम सोडलं नाही. केंद्रावरच आंघोळ करून, लुगडं बदलून येऊ लागली, तेल लावताना धुतलेले हात पुन्हा धुऊ लागली. सहा महिन्यांत सांडूच्या मानेचं कातडं मऊ पडलं. पण एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. खाज असह्य झाली की सांडू कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून खायचा. दोन दिवसांत आग थांबायची, म्हणून तीन वर्षं खात राहिला. त्या गोळ्यांनी साखर चढली होती, अंगातली ताकद आतून पोखरली होती. श्रावणात साधा ताप आला, तो छातीत उतरला, आणि दवाखान्यात गोळ्यांचं उघड झालं. सहाव्या दिवशी सांडू गेला.

दहाव्याच्या दिवशी ती मागच्या दारात उभी राहिली. प्लॉटवर गवताच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या आणि काडी-काडीवर भुंगेरे बसले होते. इतकं चांगलं काम तिनं केंद्राच्या वावरातही पाहिलं नव्हतं. तिला ना आनंद झाला, ना राग आला. तिनं दार लावून घेतलं.

कामावर ती परत जाईल असं शिवराजला वाटलं नव्हतं. महिन्यानं ती गेली. मॅडमनी नवे हातमोजे पुढं केले. आधी कितीदा दिलेले, ती गरम होतं म्हणून काढून ठेवायची. आता घातले.

सप्टेंबरात हर्सूलच्या पुढं एका खेड्यात भुंगेरे सोडायला ती मॅडमबरोबर गेली. शेताच्या कडेला डबे रिकामे करताना एक बाई येऊन उभी राहिली. आशाबाई नाव सांगितलं. पदरानं तोंड अर्धं झाकलेलं, पापण्या लालभडक.

"ह्यानं किती दिसात जाईल गवत?" आशाबाईनं विचारलं.

भागूबाईनं तिच्या पापण्यांकडं पाहिलं. मग हातातला डबा खाली ठेवला.

"बाई, दिसात नाय. तीन-चार वर्सं तर कुठं गेली नाय, अन् समदं जाईल असं बी नाय. तवर ह्याला हात लावू नगंस, वावरातून आलं की कपडे बाहेरच काढ. आन मेडिकलमदल्या गोळ्या मनानं घेऊ नगंस. कातडीच्या डॉक्टरला दाखव."

आशाबाईचा चेहरा उतरला. एवढं लांबचं उत्तर तिला नको होतं. ती वळली आणि त्याच गवतातून वाट काढत घराकडं निघाली. भागूबाईनं पुढचा डबा उघडला.