आखाजीचं पाणी आणि पडद्यावरचा ठिपका

मी तेव्हा धुळ्याला राहायचो आणि धरणांतला गाळ मोजायच्या कामावर होतो. नव्वदीच्या शेवटाला आमच्या होडीवर जीपीएसचं यंत्र आलं. ताटलीएवढा पडदा, त्यावर नकाशा आणि नकाशावर सरकणारा एक काळा ठिपका, म्हणजे आपली होडी. बाकीचे त्याला हात लावायला भ्यायचे. मला आठवडाभरात सगळी बटणं पाठ झाली आणि मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो.

त्या उन्हाळ्यात मोजणी आमच्याच धरणावर लागली. आमच्याच म्हणजे आमचं गाव ज्याने गिळलं त्या. मी सात-आठ वर्षांचा असताना गाव उठलं आणि वर माळावर बसलं. तेव्हापासून आबांनी, माझ्या वडिलांनी, एक नेम धरला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावाने घागर भरतात. घरची घागर भरून झाली की आबा तांब्या घेऊन कुणा मासेमाराच्या होडीत बसायचे आणि बुडालेल्या घराच्या बरोबर वर आजोबांच्या नावाने पाणी सोडायचे. बाप ज्या दारात गेला, तिथेच तो पाणी प्यायला येणार, असं त्यांचं साधं गणित. जागा ते डोंगरांवरून धरायचे. टेकडीवरचा झेंडा मागच्या खिंडीत बसला आणि धरणाच्या भिंतीचं टोक काठच्या चिंचेआड गेलं की होडी थांबवायची.

त्या आखाजीला मी त्यांना सरकारी होडीतून नेलं. बरोबर जुन्या गावातले दोन म्हातारे होते. जुन्या छापील नकाशावर आमच्या मारुतीच्या देवळाची खूण होती आणि देवळापासून आमचं घर वीस पावलांवर. ती जागा मी पट्टीने मोजून आदल्या दिवशीच यंत्रात भरून ठेवली होती.

"आठे थांबाड," आबा म्हणाले.

मी पडद्यावर बोट ठेवलं. "इथे नाही आबा, अजून पुढे. दोन-तीनशे हात तरी." घरी मी त्यांच्याशी अहिराणीतच बोलायचो. त्या दिवशी ऑफिसातली भाषा तोंडात आली.

एक म्हातारा आबांकडे बघून खो खो हसला. "काय भाऊ, इतला साल दुसराना दारवर पानी टाकं का?"

मीही हसलो. ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. आबा टेकडीकडे बघत राहिले. ठिपका खुणेवर गेला, मी "हं, इथे" म्हटलं आणि त्यांनी तांब्या रिकामा केला.

पावसाळ्यात मोजणीचे आकडे कागदावर उतरवले, तेव्हा पाण्याखालचं नदीचं जुनं पात्र नकाशातल्या जागेवरून सरकलेलं निघालं. नदी कशाला सरकेल? जुने नकाशे एका मापाने काढलेले, यंत्र दुसऱ्या मापाने चालणारं. दोन्हींतला फरक धरायचा असतो, तो मी धरलाच नव्हता. आमच्या घराची खूणही तेवढीच चुकली होती. गाळाचे आकडे अर्ध्या दिवसात दुरुस्त झाले. मला कुणी रागावलंसुद्धा नाही.

आबांना मात्र मी सांगितलं नाही. महिन्याला गावी जायचो, जेवायचो, परत यायचो. लाज वाटत होती म्हणून गप्प राहिलो, असं बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. खोटं आहे ते. शिकलेल्याने अंगठेबहाद्दर बापापुढे चूक कबूल करायची, हे मला जमत नव्हतं.

पुढच्या आखाजीला ते तांब्या घासत ओट्यावर बसले होते, तेव्हा एकदाचं सांगून टाकलं. यंत्र चुकलं म्हणालो. मग म्हणालो, मी चुकलो.

"माले माहीत व्हतं," ते म्हणाले. "टेकडी काय हालस का?"

"मंग तठे पानी का बरं टाकं?"

"दोन माणसंस्ना समोर तुले खोटं कसं पाडू? तू साहेब शे." त्यांनी तांब्यातली राख झटकली. "पन तुना आजाले त्या साल पानी नही भेटनं."

मी संगे येऊ का, असं विचारलं. नको म्हणाले, आणि एकटेच धरणाकडे चालू लागले.