हाव्लिक कॉर्नरचा पूल

हाव्लिक कॉर्नर अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या नकाशावर आहे, कायद्यात नाही. इथं ना नगराध्यक्ष, ना पंचायत. रस्ता, पूल, पोलीस सगळं काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, हातात, आणि काउंटीचं मंडळ बसतं दूर शहरात. त्यामुळे आमचं आम्हीच निभावायचं, ही इथली रीत. ज्याच्याकडे ट्रॅक्टर, त्यानं सगळ्यांच्या दारातला बर्फ काढायचा.

व्लास्ता कुबिचेक या रीतीतच म्हातारी झाली. तिचा नवरा एमिल, त्याची मूत्रपिंडं निकामी झालेली. रक्त शुद्ध करून घ्यायला ती त्याला दर एक दिवसाआड ओढ्यावरच्या पुलावरून शहरात न्यायची. पुलाच्या फळ्या कुजल्या तेव्हा तिनं काउंटीला फोनवर फोन केले. कुणी फिरकलं नाही. मग एका रविवारी चर्च सुटल्यावर आम्हीच ओकच्या फळ्या ठोकल्या. व्लास्तानं सगळ्यांना कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, खाऊ घातले.

काउंटीचा माणूस आला तो या फळ्यांची बातमी ऐकून. लोकांनी परस्पर दुरुस्त केलेल्या पुलाची जबाबदारी आम्ही घेत नाही, म्हणाला, आणि दोन्ही तोंडांना काँक्रीटचे ठोकळे टाकून गेला. लांबून जाणारा रस्ता मातीचा. त्या वसंतात तो चिखलानं बंदच होता.

व्लास्ता पायी पूल ओलांडून पलीकडच्या शेजाऱ्याच्या गाडीतून मंडळापुढे गेली. अध्यक्ष होता ड्वेन हुल्का, लहानपणी तिनं सांभाळलेला.

"व्लास्तामावशी, गावातर्फे कोण बोलतंय?"

"मीच."

"तुम्हाला निवडलं कुणी?"

"अरे ड्वेन, तुझ्या ओल्या चड्ड्या बदलायला मला कुणी निवडलं होतं?"

सभागृह हसलं. ड्वेनही हसला. मग मान खाली घालून म्हणाला, "मावशी, सात घरांसाठी नवा पूल होत नाही. तुम्ही हात लावला नसता, तर जुना तरी दुरुस्त झाला असता."

ती खाली बसली.

मग आम्ही तिची गाडी ट्रॅक्टरनं चिखलातून ओढत पुलापलीकडे नेली, आणि ती तिनं तिथंच ठेवली. एमिलचा दंड धरून ती त्याला ठोकळ्यांमधून, वाऱ्यातून पायी पार न्यायची. एका सकाळी तो पुलाच्या मधोमध खाली बसला.

"बास गं आता."

"ऊठ. थंडी लागेल."

तो उठेना, तेव्हा तिनं हाका मारल्या. आम्ही खुर्ची घेऊन धावलो, त्याला उचलून गाडीत बसवलं.

"पुढच्या वेळी मला न्यायचं नाही," एमिल म्हणाला. तिनं गाडी सुरू केली.

पुढच्या खेपेला आम्ही खुर्ची घेऊन तिच्या दाराशी उभे राहिलो. दार उघडलं नाही. आतून एमिलचा आवाज आला, "घरी जा रे, पोरांनो." खिडकीतून व्लास्ता दिसली; तिनं गाडीची किल्ली परत खिळ्याला टांगली.