उस्तादबाईची गाठ

“लाकूड चुकत नाही, हात चुकतो,” असं उस्तादबाई येता-जाता म्हणायची. फळी वाकली, बिजागरी कुरकुरली, की बाकीचे सुतार लाकडाला शिव्या घालायचे आणि हिचं हे वाक्य ठरलेलं. दारं-खिडक्यांच्या त्या कारखान्यात ती एकटीच बाई सुतार. तिनं बसवलेलं दार पापणी मिटावी तसं मिटायचं.

तिची धाकटी जाऊ तिथंच पॉलिशला होती. दारावरून बोळा फिरवताना गिऱ्हाईक आलं की ती विचारायच्या आधीच सांगायची, “आमच्या जाऊबाईंनी केलंय.” सांगताना मान अशी ताठ, जणू रंधा हिनंच मारलाय.

एकदा सकाळी घरी न्हाणीघरातून उस्तादबाईची धाकटीला हाक आली, “अगं, इकडं ये. हात लावून बघ.”

उजव्या स्तनात सुपारीएवढी टणक गाठ. वरची कातडी जराशी आत ओढलेली.

“दुखते?”

“नाही गं.”

धाकटीनं गाठ पुन्हा चाचपली. मग म्हणाली, “कामावर खाडा. आधी दवाखाना.”

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, यंत्रावर फोटो काढले. “इथं कधी मार बसला होता?”

“छे!” उस्तादबाई म्हणाली.

“फोटोवरून खात्री देता येत नाही. कॅन्सर नाही ना, ते बघायला सुईनं बारीक तुकडा काढून तपासू. बाहेर बसा, बोलावते.”

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. उस्तादबाई उगाच बाकाचा सांधा चाचपत होती. धाकटीला मात्र काहीतरी आठवलं.

“जाऊबाई, ती जाड चौकट केलीत, तेव्हा तुम्ही किती दिवस उजव्या कुशीवर वळत नव्हतात. का हो?”

उस्तादबाई बाकाचा सांधा चाचपतच राहिली.

“मी विचारतेय.”

“गिरमिट सटकलं,” उस्तादबाई भिंतीकडं बघत म्हणाली. भोक पाडताना गिरमिटाची मूठ छातीनं रेटायची तिची जुनी रीत. “मूठ सणकून बसली. काळंनिळं झालं होतं.”

“मग आत ‘छे’ काय म्हणालात?”

“नवशिक्याचं सटकतं गं. माझं सटकलं, असं कुठल्या तोंडानं सांगू?”

“वा! म्हणजे कॅन्सर झालेला चालेल, पण गिरमिट सटकलेलं चालायचं नाही!”

उस्तादबाईनं तिच्याकडं डोळे वटारले, आणि मग तिलाच हसू फुटलं. दोघी इतक्या हसल्या की समोरच्या आजोबांनी काठी सावरली. हसता हसता धाकटीच्या डोळ्यांना पाणी आलं, ते काही हसण्याचं नव्हतं. तिनं जावेचा हात धरला आणि तिला परत आत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “सांगितलंत ते बरं केलंत. पण सुई काही टळणार नाही.”

तुकडा काढला, त्याचा अहवाल येईपर्यंत घरात जेवणं झाली, पण कुणाला चव लागली नाही. अखेर डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि चष्मा काढला. “कॅन्सर नाही. त्या मारानं आतली चरबी मेली, तिचीच ही गाठ झाली. धोका नाही, कापायची गरज नाही. मात्र सांगेन तेव्हा येऊन दाखवायचं. आणि गिरमिट छातीनं रेटणं बंद.”

दुसऱ्या दिवशी कारखान्यात उस्तादबाईनं सगळ्या सुतारांना जवळ बोलावलं. “आजपासून गिरमिट कुणी छातीला लावायचं नाही. माझं सटकलं होतं. आत गाठ झाली.”

“तुमचं सटकलं, उस्ताद?” एक जण म्हणाला.

“माझंच. हसायचं तर आत्ता हसून घ्या, नंतर कामं आहेत.”

कुणी हसलं नाही. ज्यानं विचारलं होतं, त्यानंच छातीशी धरलेलं आपलं गिरमिट खाली घेतलं.

धाकटीला वाटलं, एवढी दारं झाली, पण जाऊबाईंच्या हातून एवढं मोठं काम कधी झालं नव्हतं.

उस्तादबाईनं चौकटीची एक उभी बाजू खांद्यावर घेतली आणि गिऱ्हाईकाकडं ती बसवायला रस्त्यानं निघाली, पाठ सरळ, पाऊल सावकाश. धाकटी पॉलिशचा बोळा हातात धरून फाटकात उभी राहिली. बोळ्यातून पॉलिश टपटप पायावर गळत होतं, आणि ती बघत होती.