पायरीवरचा फोन

फोनची घंटा वाजली की काकी पंजा वर करायच्या. हात पिठात असोत, तोंडात घास असो, नाहीतर समोर कुणी रडगाणं सांगत बसलेलं असो. पंजा वर, आणि डोळे लकाकलेले. "थांबा. बोलू दे त्येला. गंमत बघा."

मग ओट्यावरचं मशिन खट्ट करून चालू व्हायचं आणि काकींचाच आवाज पलीकडच्या माणसाला सांगायचा, "घरात कोण न्हाय. काय असंल ते बोला आणि ठेवा." खुद्द काकी मशिनपासून हातभर अंतरावर. भोवती गल्लीतल्या दोन-चार बायका तोंडाला पदर लावून बसलेल्या. पलीकडचा माणूस गडबडला की इकडं खिदळायला सुरुवात.

त्यांच्या सख्ख्या भावानं एकदा मशिनला विचारलं, "घरात कोण न्हाय तर मग तू कोण बोलतीयास?" उत्तर येईना, तसं त्या बिचाऱ्याला वाटलं, बहीण रुसली. लेकीच्या लग्नात काकींचा मानपान नीट झाला नव्हता, त्याबद्दल तो मशिनची माफी मागायला लागला. शेवटी रडायलाच लागला. काकींनी ती टेप आठवडाभर येईल त्याला ऐकवली. पुढं भाऊ घरी आला तेव्हा त्याच्यासमोरही लावली. तोही हसला, पण तोंड एवढंसं झालं होतं.

तुमच्याही ओळखीत असेल असं एखादं माणूस. दुसऱ्याची फजिती बघितल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नाही. आणि तरी सगळ्या गल्लीची ऊठबस त्याच्याच घरी!

माझी काकींशी ओळख झाली ती धंद्यामुळं. कोल्हापुरात माझं फोन विकायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. त्या काळी साध्या फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. काकींच्या मालकांची शिरोली एमआयडीसीत फौंड्री, म्हणून त्यांच्याकडं फोन आधीपासून. गल्लीतल्या निम्म्या घरांनी आपल्या पाहुण्यांना, नोकरीच्या अर्जात, सोयरिकीच्या ठिकाणी काकींचाच नंबर दिलेला. पी.पी. नंबर म्हणायचे त्याला. फोन शेजारी यायचा, शेजारी हाक मारायचा, आपण चपला पायात सरकवून पळायचं.

एक दिवस काकी दुकानात येऊन उभ्या राहिल्या. "बिनवायरचा फोन दे. ते आवाज धरून ठेवतंय की, तसलं मशिनवालं."

मी त्यांच्या घरी जाऊन विचारलं, "कुठं बसवू? हॉलमध्ये?"

"हॉलमध्ये काय मी मुजरा करायला बसू व्हय? हितं. ओट्यावर."

"मिक्सरशेजारी खरखर येईल, काकी."

"मग मिक्सर हलीव!"

हातातला फोन पहिल्यांदा रात्रभर चार्जिंगला लावा, तोवर हात लावू नका, असं बजावून मी आलो. संध्याकाळच्या आत जुन्या फोनवरून बोंब. "तुझा फोन मेला की रं! नणंदेला चांगली झापत हुते, मधीच गप झाला!" परत गेलो, परत समजावलं. मशिनमध्ये निरोप भरायच्या वेळी मालक म्हणाले, जरा शुद्ध बोल, कृपया आपला निरोप ठेवावा, असं काहीतरी. काकींनी घसा खाकरला. "कृपया आपला... ह्यॅ! ही कोण बया? रेडिओ लावलाय काय?" मग स्वतःच्या भाषेत भरला आणि मलाच खाली बसवून खर्डा-भाकरी वाढली. भाकरी संपायच्या आत दुसरी पानात. नको म्हणायची सोय नव्हती. मी काविळीनं आजारी पडलो तेव्हा ह्याच बाईनं महिनाभर रोज उसाचा रस घरपोच धाडला. तेही सांगायला पाहिजे.

दुकानात मी गिऱ्हाइकाला सांगायचो, हा फोन घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जा, आवाज तुटणार नाही. काकींनी तो चार पावलांसाठी घेतला होता.

त्यांच्या स्वयंपाकघराचं एक दार बोळात उघडायचं. दाराबाहेर पायरी. गल्लीतले बाकीचे लोक फोनला थेट ओट्यापाशी यायचे. बोळाच्या टोकाला राहणाऱ्या बालवाडीच्या बाई मात्र पायरीवर थांबायच्या. बाई बौद्ध. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा राहुल. तो आयटीआय करून पुण्याला कंपनीत लागला होता आणि दर रविवारी आईला फोन करायचा. जुन्या फोनची वायर पायरीपर्यंत पोचत नव्हती. त्यामुळं काकी फोनवर ऐकायच्या आणि बाईंना दारातून ओरडून सांगायच्या, "जेवला म्हणतोय! बरा हाय म्हणतोय!" आईला पोराचा आवाज काही मिळायचा नाही. बिनवायरचा फोन आल्यावर काकी तो पायरीवर नेऊन द्यायला लागल्या. "ए बालवाडी, घे, बोल किती बोलायचं ते." आपण केवढं पुण्य करतोय, असा चेहरा.

हे मला कळलं कसं, तर फोन सारखा बिघडायला लागला. उघडला की आत बटनांखाली हिरवा गंज. पुसून दिला, महिन्याभरात परत तेच.

"काकी, फोन पाण्यात पडतोय काय?"

"छ्या!"

एका रविवारी मी तिथं जेवत असताना राहुलचा फोन आला. बाई पायरीवर बसून बोलल्या, फोन उंबऱ्यावर ठेवला आणि गेल्या. काकींनी तांब्यात बोटं बुडवून फोनवर पाणी शिंपडलं, पदरानं पुसला आणि जागेवर ठेवला. घरात येणारी वस्तू शुद्ध करून घ्यायची, एवढंच. गव्हाच्या पोत्यावर शिंपडावं तसं विजेच्या फोनवर पाणी! त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि गंजाशी त्याचा संबंध तर डोक्यातही आला नव्हता.

माझा घास तोंडातच राहिला. कारण मीही बौद्ध. आमचं घर शिरोळकडचं, आजोबांच्या वेळेपासून बौद्ध. आडनाव असं की सगळ्या जातींत सापडतं. काकींनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "कुठलं पावणं? शेती हाय?" मी म्हटलं, शिरोळ, आहे थोडी. पुढचं त्यांनी मनानंच भरून घेतलं. मी काय कपाळावर लिहून हिंडावं? खरं सांगू? मला त्यात मजा वाटायची. त्या दिवसानंतर मी पाणी मागत नसे. मुद्दाम उठून माठात स्वतः तांब्या बुडवायचो, आणि काकी कौतुकानं म्हणायच्या, "घरच्यावानी वागतंय बघा पोरगं."

फोनवर पाणी मारू नका, एवढं मात्र मी सांगितलं. "व्हय व्हय," म्हणाल्या. आणि मारत राहिल्या.

पुढं एकदा फोन पुरता भिजला. मी तो दुकानात नेऊन खोलून वाळत ठेवला. ओट्यावरचं मशिन चालू होतं, त्याला स्पीकर होता. बटन दाबून मशिनसमोर बसलं की फोनशिवायही बोलता यायचं. हे मी काकींना दाखवूनही आलो होतो. फक्त, बोलणाऱ्यानं स्वयंपाकघरात यायला पाहिजे.

त्याच आठवड्यात राहुल गेला. सकाळी सायकलवरून कामावर जाताना ट्रकनं उडवलं. खोलीवरचा त्याचा मित्र बॅग घेऊन कोल्हापूरला आला आणि बाईंना म्हणाला, "आदल्या संध्याकाळी त्यानं घरी फोन केला होता. दोनदा. मशिनवर बोलला."

बाई काकींच्या दारात गेल्या. काकी म्हणाल्या, "फोन आलाच न्हाय." बाई दुसऱ्या दिवशी परत गेल्या. "काकी, एकदा मशिन ऐकवा. आवाज तरी ऐकू दे." काकी म्हणाल्या, "बघू."

आणि मला निरोप आला. फोन घेऊन ये, आणि टेप पुसून दे.

मी गेलो. काकी ओट्यापासून लांब उभ्या होत्या. पुसायचं बटन त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण बोट लावायची हिंमत नव्हती. "मेलेल्या माणसाचा आवाज हाय त्यात. हितं अन्न शिजतंय. तू पूस बाबा."

"म्हणजे फोन आला होता?"

काकींनी तोंड फिरवलं.

मी आवाज पूर्ण मोठा केला आणि टेप लावली.

"काकी, मी राहुल. तसदी देतोय. आईला जरा पायरीवर बोलवाल काय? थोड्या वेळानं परत करतो." मग खरखर, आणि दुसरा निरोप. "काकी, राहुल बोलतोय. घरात कोण न्हाय वाटतं. असू दे. आईला सांगा, उद्या करतो म्हणून."

टेप थांबली. काकींनी हळूच सांगितलं, "हळदीकुंकवाच्या बायका बसल्या हुत्या. फोन तर तुझ्याकडं दुरुस्तीला. पायरीवर काय नेऊन देणार हुते मी?"

"बाईंना आत बोलवायचं. स्पीकर होता की!"

"आत?" त्यांना माझंच नवल वाटलं. "आरं, स्वयंपाकघर हाय हे. बायकांच्या देखत?"

माझं डोकं सणकलं. "काकी, मी इथं इतकी वर्षं जेवतोय. तुमच्या माठात तांब्या बुडवतोय. मी त्यांच्यातलाच आहे. बौद्ध."

मला वाटलं होतं, त्या ओरडतील, शिव्या देतील. मी तयार होतो. पण काकींनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा चेहरा तसा बघितला.

"आसं व्हय?" त्या म्हणाल्या. "मग आधी सांगायचं न्हाईस काय रं पोरा? तुला भाईर वाढलं असतं की. उपाशी थोडंच ठेवलं असतं?"

त्या मनापासून बोलत होत्या. मी त्यांना फसवलं, ह्याचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

तेवढ्यात बोळातल्या दाराकडं माझं लक्ष गेलं. माझी स्कूटर दारात बघून बाई आल्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. काकींनीही बघितलं आणि पदर सावरत, कधी नव्हे ते, म्हणाल्या, "ये गं बाई. आत ये."

बाई जागच्या हलल्या नाहीत. "नको काकी. इथनं सगळं ऐकू आलं," म्हणाल्या आणि वळून निघून गेल्या.

मी टेप काढून खिशात घातली. काकी म्हणाल्या, "ने, ने. घरात नको." मी पुन्हा त्या घरात गेलो नाही.

काकींची मात्र माया आटली नाही! दर दिवाळीला दुकानात फराळाचा डबा यायचा, आणणाऱ्याबरोबर निरोप असायचा, "डबा परत करू नगंस म्हणाव. तुलाच ऱ्हाऊ दे." पहिल्या वर्षी डबा भिंतीवर आपटावासा वाटला. आपटला नाही. फराळ खाल्ला. काकींच्यासारखी चकली कुणाच्या हातची होत नाही, हे सांगायला जीभ जड होते, पण खरं आहे. ते डबे अजून दुकानात आहेत. त्यांत मी स्क्रू आणि सेल ठेवतो.

काकी गेल्या तेव्हा सगळी गल्ली रडली म्हणतात. रडली असेल. मी गेलो नाही.

आता घरोघरी, खिशोखिशी मोबाईल झाले, बिनवायरचे फोन भंगारात गेले. मी तसलं एक मशिन मागच्या खोलीत ठेवलंय, फक्त त्या एका टेपसाठी. बालवाडीच्या बाई निवृत्त झाल्या. गुडघे गेलेत, दुकानाचा जिना चढवत नाही, तरी अधूनमधून रविवारी येतात. मी खुर्ची देतो, टेप लावतो आणि बाहेर काउंटरवर येऊन बसतो. पण दाराच्या फटीतून दिसतं. "आईला जरा पायरीवर बोलवाल काय," एवढं तो म्हणाला की बाई हातातली पिशवी खाली ठेवतात आणि टेबलाला धरून, लगबगीनं, उठून उभ्या राहतात.